प्रस्तावना : अंगडे-टोपडे घातलेला ससा

मराठी घराला क्रोशाची सुई नवी नाही. दारावरचे तोरण, टीव्हीवरचा रुमाल, पूजेच्या ताटावरचे झाकण, रुखवतातली मांडणी आणि बाळंतविड्यातली टोपडी-मोजे या रूपांत ही कला आपल्याकडे कित्येक वर्षे नांदते आहे. एवढी ओळख असूनही क्रोशाने विणलेला, पोटात कापूस भरलेला आणि अंगात कोट घातलेला ससा समोर आला की आपण त्याला कलेच्या हिशेबात धरत नाही. ‘गोड आहे’ म्हणतो आणि शोकेसमध्ये ठेवून देतो. फार तर प्राण्याच्या आकाराचे कौतुक होते. त्याच्या कोटाला मात्र हौस, नटवेपणा, वरचा साज समजून सोडून दिले जाते. या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना मला नेमकी हीच समजूत तपासायची आहे. विणलेल्या प्राण्याचे अंग ही बऱ्याच अंशी जगभर सारखी असलेली भूमिती आहे. कारागिराची खरी परीक्षा होते आणि त्याचा स्वतःचा सूर लागतो तो त्या प्राण्याच्या वेशात, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी क्रोशाचा इतिहास, खेळण्यांचा इतिहास आणि टाक्यांचा हिशेब या तिन्हींची साक्ष काढावी लागेल.

क्रोशे ही फार प्राचीन कला असावी असे वाटते, पण तसे पुरावे नाहीत. डॅनिश अभ्यासक लिस पालुदान यांनी युरोपभरचे नमुने आणि कागदपत्रे धुंडाळली, तेव्हा १८०० पूर्वीचा खात्रीलायक पुरावा त्यांना मिळाला नाही. ताणलेल्या कापडावर आकड्याच्या सुईने भरतकाम करण्याची पद्धत भारतात, चीनमध्ये आणि पुढे युरोपात होती. आपल्याकडचे आरीकाम त्याच घराण्यातले. खालचे कापड काढून टाकले आणि टाका हवेतच उभा राहिला, त्यातून क्रोशे आले, अशी एक उपपत्ती मांडली जाते. छापील नमुने आले ते १८२० च्या दशकात, ‘पेनेलोपे’ या डच मासिकात, आणि ते होते पैशाच्या छोट्या पिशव्यांचे. छापील क्रोशाची सुरुवात अशी पोकळ, आत काही मावेल अशा वस्तूने झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे मात्र सपाट लेसने ही कला व्यापली. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा जोगिणींच्या मठांनी आणि काही पुढाकार घेतलेल्या स्त्रियांनी क्रोशाची लेस हे उपाशी कुटुंबांच्या कमाईचे साधन केले. त्याच शतकात मिशनऱ्यांबरोबर हे काम आंध्रातल्या नरसापूरला रुजले. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही क्रोशाच्या लेसची परंपरा आहे. म्हणजे आपल्यापर्यंत क्रोशे पोचले ते लेस म्हणून, कडेला लावायची किंवा वरून पांघरायची वस्तू म्हणून. त्यातून वस्तू ‘घडवता’ येते ही शक्यता शंभराहून अधिक वर्षे बाजूला पडली.

खेळण्यांच्या जगात मात्र मऊ प्राण्यांचे युग तोवर सुरू झाले होते. जर्मनीतल्या गिंगेन गावच्या मार्गारेटे श्टाइफ यांनी १८८० मध्ये फेल्टचा छोटा हत्ती शिवला तो टाचण्या खोचायची गादी म्हणून. मुलांनी तो खेळायला घेतला आणि त्यातून एक उद्योग उभा राहिला. १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, त्यावर व्यंगचित्र आले आणि ब्रुकलिनच्या एका दुकानदार दांपत्याने ‘टेडी’ अस्वल बाजारात आणले. आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटना पुढच्याच वर्षीची आहे. बिआट्रिक्स पॉटर यांनी १९०३ मध्ये आपल्या पीटर रॅबिट या सशाच्या बाहुलीचे पेटंट घेतले. या सशाची ओळख म्हणजे त्याचा निळा कोट. गोष्टीत तो बागेतून पळताना कोट आणि बूट गमावतो, आणि ते गेल्यावर चार पायांवर धावणारा साधा ससा उरतो. कोट अंगात असला की आईचे न ऐकणारा मुलगा, कोट गेला की भेदरलेले जनावर! वेश हा प्राण्याला माणसांच्या व्यवहारात आणतो, त्याला वय, स्वभाव आणि घर देतो, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुणी दाखवले असेल. वेश वरचा साज असता तर तो काढल्यावर पात्र बदलले नसते.

क्रोशे आणि मऊ खेळणी यांची खरी गाठ पडली जपानमध्ये. पाश्चात्त्य विणकाम तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजले आणि १९७० नंतर बहरलेल्या ‘कवाई’ म्हणजे गोंडसपणाच्या संस्कृतीने त्याला विषय पुरवला. सुईने विणून आत भरलेल्या या प्राण्यांना अमिगुरुमी म्हणतात आणि आता हे नाव जगभर चालते. डोके मोठे, धड लहान, डोळे खाली आणि एकमेकांपासून लांब ही त्याची ओळखीची ठेवण. तंत्र विलक्षण आटोपशीर आहे. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून बंद करता येणाऱ्या दोऱ्याच्या वेढ्यात, सहा मुके खांब (आखूड टाके) घालायचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. तिसऱ्या फेरीत एकाआड एक वाढवून १८. मग २४, ३०, ३६. दर फेरीला सहाच का, याचे उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे. वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढली की परीघ सुमारे सव्वासहा टाक्यांनी वाढतो, आणि मुका खांब जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. म्हणून सहा वाढवले की चकती सपाट बसते. चार वाढवले तर ती खोलगट होते, आठ वाढवले तर कडेला चुण्या पडतात. ३६ वर पोचल्यावर सहा फेऱ्या न वाढवता घालायच्या आणि मग ३०, २४, १८, १२, ६ असे उतरत यायचे, डोके तयार. टाके मोजले तर ते ४३२ भरतात. चुण्या पडण्याचा हाच गुण वापरून कॉर्नेल विद्यापीठात डाइना टाइमिना यांनी १९९७ मध्ये अपास्तिक (हायपरबोलिक) भूमितीतला पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखवला. तेव्हा या कामाला गणिताची बैठक आहे, हे वेगळे सांगायला नको.

आज या क्षेत्रात ढोबळमानाने तीन घराणी दिसतात. जपानी घराणे आकाराच्या काटकसरीवर विश्वास ठेवते: कमीत कमी तुकडे, भरतकामाचे तोंड, आणि मजकुराऐवजी चिन्हांचा आलेख. तिथे विणकामाच्या चिन्हांना राष्ट्रीय मानकच आहे, त्यामुळे भाषा न येणाऱ्यालाही नमुना वाचता येतो. दुसरे घराणे ब्रिटिश. तिथे प्राणी त्याच्या जातीच्या खुणांसह ओळखू यावा यावर भर असतो. केरी लॉर्ड यांच्या २०१४ मधल्या ‘एडवर्ड्स मेनॅजरी’ या पुस्तकात एकाच ठेवणीच्या अंगावर डोके, कान, शेपूट आणि टाक्यांचा पोत बदलून अनेक प्राणी उभे केले आहेत, तेही लोकरीच्या नैसर्गिक रंगांत. तिसरे घराणे रशियन आणि युक्रेनी कारागिरांचे. हात-पाय वळावेत म्हणून आत तार, डोळ्यांच्या खोबणीसाठी दोरा ओढून घडवलेला चेहरा, आणि त्यावर बंडी, कोट, बूट, टोपी असा साग्रसंगीत पोशाख. वेशाला सर्वाधिक मान या घराण्यात आहे. एत्सी (२००५) आणि रॅव्हेलरी (२००७) या संकेतस्थळांनी या तिन्ही घराण्यांची सरमिसळ केली. २०२० च्या टाळेबंदीत घरी अडकलेल्या लोकांनी सुई हातात घेतली, आणि शिकाऊंसाठी तयार संच विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या.

आता वेशाकडे वळू. सशाचे अंग विणताना वीण घट्ट हवी, नाहीतर भरलेला कापूस टाक्यांतून डोकावतो. म्हणून लोकरीच्या वेष्टनावर साडेतीन किंवा चार मिलिमीटरची सुई सुचवलेली असली तरी अंगासाठी अडीच मिलिमीटरची घेतात. कोटाचे गणित नेमके उलटे: तो अंगावर पडायला हवा, म्हणून जाड सुई, बारीक दोरा आणि मुक्या खांबाऐवजी अर्धा खांब किंवा खांब. तरीही मापाची एक अडचण उरतेच. वीस सेंटिमीटरच्या सशाच्या अंगातला कोट तीन मिलिमीटर जाड असेल, तर त्याच प्रमाणात पाच फूट तीन इंचांच्या माणसाने जवळजवळ अडीच सेंटिमीटर जाडीचे कापड घातल्यासारखे झाले. बाही जोडताना काखेत गोळा होतो, हात आडवे उभे राहतात, कॉलर हनुवटी उचलून धरते. त्यातच डोके ३६ टाक्यांचे आणि मान १२ टाक्यांची. डोक्यावरून काहीही घालता येत नाही. मग कोट पुढून किंवा पाठीमागून उघडा ठेवायचा, पायांकडून चढवायचा, की मानेवर बंद बांधायचा? मोठ्या डोक्याच्या आणि इवल्या मानेच्या तान्ह्या बाळासाठी बंदांचे झबले शिवणाऱ्यांनी हाच प्रश्न सोडवला होता. अंगाच्या नमुन्यात ‘फेरी १ ते ६’ लिहून काम भागते. वेशात मात्र प्रत्येक ठिकाणी निर्णय घ्यावा लागतो.

यावर जाणकारांकडून एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. चांगल्या अमिगुरुमीला कपडे लागत नाहीत, दोन डोळ्यांमधल्या अंतरातच स्वभाव येतो. कपडे घालणे म्हणजे आकाराची उणीव झाकणे, असे ते म्हणतात. बाजारातल्या पुष्कळ खेळण्यांच्या बाबतीत हे खरेच आहे. खांदे बेढब झाले की त्यावर शाल येते, मान लुळी पडली की मफलर येतो. पण हा आक्षेप लागू पडतो तो अंगाला कायमच्या शिवून टाकलेल्या कपड्यांना. काढता-घालता येणारा कपडा काही झाकू शकत नाही, उलट मापातली चूक तो लगेच चव्हाट्यावर आणतो. शिवाय त्याने खेळण्याचा उपयोगच बदलतो. मारिया माँटेसरी यांनी बालशिक्षणाच्या साधनांत बटणे, बंद, नाड्या लावलेल्या चौकटी मुद्दाम ठेवल्या, कारण ही कामे करताना मुलाची बोटे आणि लक्ष दोन्ही घडतात. बटण लावायचा सदरा घातलेला अस्वलाचा बच्चा तेच काम खेळाच्या ओघात करून घेतो. अंगावरच रंग बदलून विणलेली विजार दिसायला नीटस असते, वेळही वाचवते. पण तिच्यात मुलाला करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून हे पुस्तक काढता येणाऱ्या वेशाच्या बाजूने उभे आहे, आणि मला ती बाजू योग्य वाटते.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. जपानी आकार, इंग्रजी ससा, रशियन पोशाख. यात आपले काय? आपले पुष्कळ आहे, फक्त ते या नावाखाली मोजले गेलेले नाही. भातुकलीत चिंध्यांची साडी नेसवलेली बाहुली, बाहुला-बाहुलीच्या लग्नात शिवलेले मुंडावळ्यांसह सगळे कपडे, लाकडी ठकी, सावंतवाडीची रंगीत खेळणी, बाळाची कुंची, आणि देव्हाऱ्यातल्या बोटभर बाळकृष्णासाठी शिवलेले किंवा विणलेले झबले-टोपी ही सगळी लहान अंगाला बेताचे कपडे करण्याचीच विद्या आहे. बाळकृष्णाच्या टोपीला मुकुटाची जागा सोडणारा हात सशाच्या टोपीला कानांची भोके ठेवू शकतो. अट एवढीच की वेश नुसता चिकटवलेला नको. सशाला नऊवारी नेसवायची तर शेपूट आणि कासोटा एकाच जागेवर हक्क सांगतात. तिथे साडीच्या मागच्या बाजूला फट ठेवावी लागते. नऊ वारांच्या निऱ्या या मापात जशाच्या तशा विणल्या तर पोटाशी बोचके होते. त्याऐवजी खालच्या फेरीतल्या खांबाला मागून वळसा घालून काढलेले उठावाचे टाके निऱ्यांचा भास देतात, आणि काठ दोन फेऱ्यांत रंग बदलून मिळतो. फेटा घालायचा तर तो कानांच्या पुढून की मागून, हे अंग विणतानाच ठरवावे लागते. असे प्रश्न सोडवत गेले की परकेपणा आपोआप गळतो. अंगाचा नमुना उसना असला तरी बिघडत नाही. चकती सपाट राहण्याचा नियम कुण्या एका देशाचा नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि तो बहुधा बायकांनाच ऐकवला जातो: एवढा वेळ हातात आहे म्हणून हे उद्योग सुचतात. या वाक्याची किंमत काय असते ते नरसापूरने दाखवून दिले आहे. मारिया मीस यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथल्या लेस विणणाऱ्या स्त्रियांचे चित्र आहे. त्या जगाच्या बाजारासाठी रोज तासन्‌तास विणत, पण त्यांची गणना कामगारांत होत नसे. त्या घरी बसलेल्या गृहिणी आणि त्यांचे विणणे म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, असे धरून मजुरी अगदी तुटपुंजी ठेवली जाई आणि नफा निर्यातदारांकडे जाई. क्रोशाच्या बाबतीत हा अन्याय अधिक टोचतो. दोन सुयांवरच्या विणकामाची यंत्रे केव्हाच आली. खरे क्रोशे विणणारे यंत्र मात्र अजून कारखान्यांत रुळलेले नाही. तयार कपड्यांवर क्रोशासारखी दिसणारी जाळी बहुधा वेगळ्याच विणकाम-यंत्रांची असते. म्हणजे दुकानात शंभर-दीडशे रुपयांना मिळणाऱ्या क्रोशाच्या सशाच्या डोक्याचे ४३२ टाकेही कुणीतरी हातानेच घातलेले असतात. ज्याने स्वतः एक कोट विणला आहे, तो दुसऱ्याच्या कोटाचा भाव करताना निदान एकदा थांबेल. हौस म्हणून शिकलेल्या कलेचा हा सामाजिक उपयोग मी कमी मानत नाही.

सामानाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. आपल्या बाजारात ‘लोकर’ या नावाने जे मिळते ते बहुतेक ॲक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकचाच धागा असतो. स्वस्त, रंगीत, धुवायला सोपा. पण त्याचे तंतू सुटतात आणि कुजत नाहीत. सुती दोरा महाग पडतो, विणताना कमी ताणतो, मात्र टाका ठसठशीत दिसतो आणि आपल्या हवेत मुलाला उबत नाही. कोटासाठी बारीक सुती दोरा घेतला तर जाडीची अडचणही कमी होते, हा त्याचा आणखी एक फायदा. सुरक्षिततेच्या बाबतीत हयगय नको. तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याला मणी, बटणे, प्लास्टिकचे डोळे लावू नयेत. डोळे दोऱ्याने भरावेत, कोटाला विणलेले बंद द्यावेत आणि तेही आखूड. विक्री करायची असेल तर कायदाही पाहावा लागतो. खेळण्यांच्या गुणवत्तेसंबंधीच्या २०२० च्या आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी केलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. घरगुती विक्री करणाऱ्या स्त्रियांनी ही नोंदणी करून घेणे हिताचे आहे.

असे पुस्तक आताच का, याला आणखी एक कारण आहे. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली विणलेल्या प्राण्यांची चित्रे सगळीकडे पसरली आहेत. त्यांतल्या कोटाला शिवण नसते, टाके मध्येच दिशा बदलतात, बाही काखेतून न निघता हवेतून निघते. अशा चित्रांबरोबर नमुनेही विकले जातात आणि शिकाऊ माणूस दोन फेऱ्यांतच अडकून ‘मला जमत नाही’ म्हणून सुई ठेवून देतो. यावरचा उपाय साधा आणि जुना आहे: मोजणे. प्रत्येक फेरीच्या शेवटी टाक्यांची संख्या दिलेली असली आणि वाचकाला ती पडताळता येत असली, तर खोटा नमुना चौथ्या फेरीतच उघडा पडतो. दुसरी अडचण भाषेची. इंग्रजी नमुन्यांत अमेरिकन आणि ब्रिटिश नावे वेगळी आहेत. अमेरिकेचा ‘सिंगल’ तो ब्रिटनचा ‘डबल’. एकच शब्द दोन वेगळ्या उंचीच्या टाक्यांना लागतो, आणि निम्मे कोट तिथेच चुकतात. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब ही आपली नावे घरोघर रुळलेली आहेत. त्यांच्या जोडीला चिन्हे दिली की गोंधळाला जागा राहत नाही.

प्रस्तुत पुस्तकाने हा मार्ग धरला आहे. ते प्राण्यांचा संग्रह देत नाही. अंगाची एक मूळ ठेवण देते, तिच्यातून कान, सोंड, शेपूट बदलत प्राणी उभे करते आणि मग बहुतेक जागा कपड्यांना देते. कपडेही नुसते नमुने म्हणून येत नाहीत. माप कसे घ्यायचे, उघडी बाजू कुठे ठेवायची, जाडी कुठे कमी करायची हे आधी, आणि फेऱ्यांची यादी नंतर. ज्यांना आठवड्याभरात भेटवस्तू हवी आहे त्यांना ही पद्धत संथ वाटेल, आणि त्यांच्यासाठी बाजारात तयार संच आहेत. पूर्ण नवख्या माणसाला पहिली काही पाने जड जातील, हेही मान्य करायला हवे. सुरुवातीला एक-दोन सपाट रुमाल विणून हात बसवलेला बरा. पण ज्याला दुसऱ्याचा नमुना उतरवून काढण्यापलीकडे जायचे आहे, त्याच्यासाठी मराठीत असे पुस्तक हवे होते.

वाचकांना एकच विनंती आहे. पहिला ससा पुस्तकाबरहुकूम विणा, टाके मोजून, घाई न करता. दुसऱ्या सशाचे अंग तेच ठेवा, पण त्याला काय घालायचे ते तुमचे तुम्ही ठरवा, माप घ्या आणि कोट चुकला तर उसवा. उसवलेला दोरा वाया जात नाही, ही या कलेतली मोठी सोय आहे. तो दुसरा कोट अंगावर नीट बसला की हे पुस्तक कपाटात ठेवायला हरकत नाही.